गुडघेदुखीसाठी साधे जेल, मिश्र जेल की गोळी?

गुडघा दुखू लागला की औषधाच्या दुकानातून साधारणपणे तीनपैकी एक वस्तू घरी येते: फक्त डायक्लोफिनॅक असलेले साधे जेल, डायक्लोफिनॅकबरोबर मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल आणि जवसाचे तेल असलेले मिश्र जेल, किंवा वेदनाशामक गोळी. तिन्हींच्या वेष्टनावर वेदना आणि सूज उतरवण्याचे आश्वासन असल्यामुळे ही एकाच औषधाची तीन रूपे आहेत असा समज होतो. निवड करताना मात्र दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. दुखरा सांधा त्वचेपासून किती खोल आहे, आणि रुग्ण रोज दुसरी कोणती औषधे घेतो?

गोळी आणि जेल यांतील औषध एकाच पद्धतीने काम करते. दाह वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये शरीरात तयार होऊ नयेत, अशी व्यवस्था ते करते. अडचण अशी की याच द्रव्यांमुळे जठराचे अस्तर सुरक्षित राहते आणि मूत्रपिंडांना पुरेसा रक्तपुरवठा होत राहतो. गोळीतील औषध रक्तातून सर्वत्र जात असल्याने गुडघ्याला आराम देताना ते जठराचे संरक्षणही काढून घेते. याउलट १ टक्का डायक्लोफिनॅकचे जेल एका गुडघ्याला पूर्ण मात्रेत लावले, तरी रक्तात उतरणारे औषध गोळीच्या तुलनेत सुमारे ६ टक्केच असते. जेलची बाजू भक्कम होते ती या एका आकड्यामुळे. मात्र अनेक सांध्यांना भरपूर जेल लावत गेल्यास हे प्रमाण वाढते, हेही त्याच आकड्याबरोबर लक्षात ठेवले पाहिजे.

परिणामाच्या बाबतीत जेलकडून किती अपेक्षा ठेवावी, याविषयी जाहिरातींपेक्षा संयमाने बोलणे बरे. गुडघ्याच्या किंवा हाताच्या सांध्यांची झीज झालेल्या रुग्णांवरील चाचण्यांचा कोक्रेन या संस्थेने एकत्रित आढावा घेतला, तेव्हा औषधी जेल सहा ते बारा आठवडे वापरणाऱ्या दर १० जणांपैकी साधारण ६ जणांची वेदना निम्म्याने किंवा अधिक कमी झाली होती. औषध नसलेले नुसते जेल लावणाऱ्यांत हेच प्रमाण १० पैकी ५ होते. म्हणजे फायदा खरा आहे, पण माफक आहे. ताजी लचक, मुरगळलेला घोटा किंवा मुका मार यांत तो याहून बराच ठळक दिसतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनीही गुडघ्याच्या झिजेसाठी औषधांपैकी आधी असे जेलच सुचवले आहे, आणि माझ्या मते गुडघा, घोटा, मनगट, कोपर व बोटे यांच्यासाठी तोच क्रम योग्य आहे. खुब्याचा सांधा मात्र स्नायूंच्या जाड थरांखाली असतो. तेथे जेल कितीही चोळले तरी औषध पुरेसे पोहोचत नाही, त्यामुळे खुब्याच्या दुखण्यासाठी महिनोन्महिने ट्यूब आणत राहण्यात अर्थ नाही.

‘मला जेलचा गुण येत नाही’ असे म्हणणाऱ्या अनेकांचे गणित मात्रेत चुकलेले असते. अमेरिकेत २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या १ टक्का जेलच्या वेष्टनावर गुडघा, घोटा किंवा पाऊल यांसाठी एका वेळी ४ ग्रॅम, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर लांबीची पट्टी, आणि हात, मनगट किंवा कोपर यांसाठी २ ग्रॅम, असे दिवसातून चार वेळा लावण्यास सांगितलेले आहे. सर्व सांधे मिळून दिवसाची कमाल मर्यादा ३२ ग्रॅम आहे. एका गुडघ्याला या हिशेबाने दिवसाला १६ ग्रॅम जेल लागते, म्हणजे आपल्याकडची ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. आणि आपण तीच ट्यूब वाटाण्याएवढा थेंब काढून महिनाभर पुरवतो. खर्चाची तुलना करायची असेल तर ट्यूबच्या छापील किमतीऐवजी आठवड्याला किती ट्यूब लागतील हे मोजावे. या मोजणीत गोळी जवळजवळ नेहमीच स्वस्त ठरते, आणि घरातील ज्येष्ठ मंडळी गोळीकडे वळण्याचे एक न बोललेले कारण तेच असावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. वर दिलेली मात्रा साध्या जेलची आहे आणि ती मिश्र जेलला लागू करू नये. मिश्र जेलमधील मेंथॉलमुळे थंडावा जाणवतो, मिथाइल सॅलिसिलेटमुळे ऊब येते, आणि या झणझणीत संवेदनेमुळे औषध ‘आत शिरले’ असे वाटते. प्रत्यक्षात ती संवेदना त्वचेतच राहते आणि मेंदूचे लक्ष दुखण्यावरून हटवते. हा दिलासा नाकारण्याचे कारण नाही, परंतु त्याची किंमत ठाऊक असावी. मेंथॉल व मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या मलमांमुळे त्वचा भाजल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली इशारा दिला होता. म्हणून मिश्र जेल लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवणे किंवा क्रेप बँडेज घट्ट गुंडाळणे, या आपल्याकडच्या दोन्ही सवयी सोडाव्यात. शेकायचेच असेल तर आधी शेकावे, त्वचा पूर्ण निवू द्यावी आणि मगच जेलचा विचार करावा.

मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या कुळातले आहे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी असे मलम वारंवार व मोठ्या भागावर लावल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. लहान मुलाने अशी ट्यूब तोंडात पिळली, तर ती विषबाधा समजून थेट रुग्णालय गाठावे लागते. घरात नातवंडे असतील किंवा वॉरफरिन सुरू असेल, तर माझी पसंती निःसंशय साध्या जेलला राहील.

आता गोळीकडे पाहू. पूर्वी जठरात व्रण झालेला असणे, हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास, किंवा मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेले असणे, यांपैकी काहीही असल्यास डायक्लोफिनॅकची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांसारखे औषध, जोडीला लघवी वाढवणारी गोळी, आणि त्यात वेदनाशामकाची भर पडली की मूत्रपिंडांवर तिहेरी ताण येतो. साठीच्या पुढच्या असंख्य लोकांच्या डब्यात यांतील पहिली दोन आधीपासूनच असतात. (डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृत मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि म्हणून २००६ साली भारताने या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. माणसाचे शरीर त्या पक्ष्यांइतके हळवे नसले, तरी औषध कोणत्या इंद्रियावर उतरते ते यावरून कळावे.)

अशा रुग्णांसाठी जेल अधिक सुरक्षित आहे, पण ते निर्धोक नाही. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकाने दमा उफाळणाऱ्यांनी जेलही टाळावे, आणि गर्भवती स्त्रीने, विशेषतः २० आठवड्यांनंतर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते लावू नये. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे जेल आणि गोळी दोन्ही एकदम चालू ठेवणे. ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन अशी नावे वेगळी असली तरी गट एकच, त्यामुळे धोक्यांची बेरीज होते. जेलबरोबर तात्पुरती गोळी लागलीच, तर इतर काही अडचण नसल्यास योग्य मात्रेत पॅरासिटामॉल बरे.

कीटोप्रोफेनचे जेल घेणाऱ्यांसाठी एक वेगळी अट आहे: लावलेल्या भागावर ऊन पडल्यास त्वचेवर तीव्र पुरळ उठू शकते, म्हणून वापर थांबवल्यावरही दोन आठवडे तो भाग कपड्याने झाकावा. शेतावर किंवा दुचाकीवर दिवस जाणाऱ्याने डायक्लोफिनॅकच निवडावे हे उत्तम.

कोणतेही जेल जखमेवर, खरजेवर किंवा डोळ्यांजवळ लावू नये. गुडघ्याला लावल्यावर हात धुवावेत. बोटांच्या सांध्यांसाठीच लावले असेल तर तासभर थांबून धुवावेत, नाहीतर औषध पाण्याबरोबर जाते. पूर्ण मात्रेत तीन आठवडे वापरूनही फरक पडला नाही, तर ट्यूब बदलण्याऐवजी डॉक्टरांकडे जावे आणि जाताना घरातील सर्व गोळ्यांच्या पट्ट्या व ही ट्यूबही सोबत न्यावी, कारण ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात जेलचे नाव सहसा कोणी सांगत नाही. सांधा अचानक लाल व गरम होऊन ताप आला, पाय टेकवता येईनासा झाला, किंवा गोळी घेत असताना शौचास डांबरासारखी काळी झाली, तर तीन आठवडे काय, तीन दिवसही थांबू नये.