जुन्या पांढऱ्या पेस्टवर ९९ टक्के आयपीए: पाचपैकी साडेतीन

जुन्या यूपीएस, अँप्लिफायर किंवा एसएमपीएसमधून (स्विचिंग पॉवर सप्लायमधून) काढलेल्या ट्रान्झिस्टरच्या पाठीवरची वाळलेली थर्मल पेस्ट, म्हणजे भागाची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, कशाने काढायची, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्रोसेसरवरच्या करड्या पेस्टसाठी ते चोख काम करतं. भंगारातल्या मालावर निम्मंच करतं, म्हणून दीड गुण कापला.

जुनी पांढरी पेस्ट म्हणजे सिलिकॉन तेलात कालवलेली झिंक ऑक्साइडची पूड. वर्षानुवर्षं तापून तेल झिरपत जातं आणि मागे खडूसारखा थर उरतो. झिंक ऑक्साइड आयपीएत विरघळत नाही, सिलिकॉन तेलही नीटसं विरघळत नाही. म्हणजे पेस्ट निघते ती तुमच्या घासण्याने. तेलाचा पापुद्रा नुसता पसरत राहतो. टॅबवर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या पाठीच्या धातूच्या पट्टीवर, पाण्याचा थेंब टाकून पाहा. पसरला तर ठीक, मोत्यासारखा गोळा होऊन बसला तर सिलिकॉन अजून तिथेच आहे.

नवी पेस्ट लावून भाग पुन्हा हीटसिंकवर (उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) कसायचा असेल तर हा पापुद्रा फारसा नडत नाही. टॅबला सोल्डर करायचं असेल किंवा थर्मल गोंदाने चिकटवायचं असेल, तर नक्की नडतो. आणि पेस्टचा ब्रश रिलेच्या किंवा स्विचच्या कॉन्टॅक्टला कधीच लावू नका. ठिणगीच्या उष्णतेने सिलिकॉनचं सिलिका होतं आणि कॉन्टॅक्टमधून वीज वाहायची थांबते.

तेलावर खरा उतारा रंगाच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन. आधी जाड थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने किंवा आइस्क्रीमच्या काडीने खरवडा. पातं नको, प्लेटिंगवर ओरखडे पडतात. मग टीओ-२२० आकाराचे (धातूची पाठ आणि तीन पायांचे नेहमीचे) दहा भाग काचेच्या बरणीत ३० मिली टर्पेंटाइनमध्ये दहा मिनिटं बुडवून ठेवा, टूथब्रशने घासा, पुसा. आता आयपीए: स्वच्छ कापडावर थोडं घेऊन दोनदा पुसा, दुसऱ्या वेळी कापडाची नवी बाजू. या शेवटच्या धुण्याला आयपीएची सर कशालाच नाही. टर्पेंटाइनचा तेलकटपणा ते झटकन उचलतं आणि मागे काही न ठेवता उडून जातं. टर्पेंटाइन मात्र सुट्या भागांपुरतंच. बोर्डावर ओतलं तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या तळाचं रबर फुगू शकतं.

रॉकेल तेलकट थर सोडतं. एनसी थिनर आणि ॲसिटोन प्लास्टिक खातात आणि शाईचा छापील नंबरही पुसून टाकतात. नंबर गेलेला ट्रान्झिस्टर म्हणजे टेस्टरवर बसून कोडी सोडवणं. (याचा एक फायदा आहे: ॲसिटोनने अंगावरचा काळा थरच सुटून आला, तर तो भाग आधी कुणीतरी रंगवून नवा नंबर मारलेला आहे. असा माल सरळ परत करा.)

२एन३०५५ सारख्या टीओ-३ (पूर्ण धातूच्या बॉडीच्या) ट्रान्झिस्टरखालचा, वीज हीटसिंकपर्यंत जाऊ न देणारा अभ्रकाचा वॉशर वाचवायचा मोह होतो. अभ्रकाला पदर असतात, खरवडलं की सुटतात. भिजवून बोटानेच पेस्ट सरकवा, वाळल्यावर उजेडासमोर धरून भोकांभोवती चिरा बघा. बसवल्यावर मल्टिमीटरने ट्रान्झिस्टरची बॉडी आणि हीटसिंक यांच्यातला रोध तपासा. अनंत यायला हवा. तरीही एसएमपीएसच्या मेन्सच्या (घरच्या विजेच्या) बाजूला जुना अभ्रक वापरू नका. मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो, तिथे २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी उभा असतो. सूक्ष्म चीर मीटरवर दिसत नाही, हीटसिंकला हात लावल्यावर कळते. करडे किंवा गुलाबी सिलिकॉन रबरी पॅड एकदा दाबले गेले की ठसा धरतात. ते धुण्यात वेळ घालवू नका, टाकून द्या.

जुन्या रेडिओ-ट्रान्समीटरच्या सामानात पांढरे सिरॅमिक वॉशर सापडतात. त्यातले काही बेरिलियम ऑक्साइडचे असतात आणि त्याची धूळ फुफ्फुसांना अतिशय घातक. डोळ्यांनी ते साध्या ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) वॉशरपासून वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून पॉलिश पेपर नाही, तोडणं नाही. ओल्या कापडाने पुसता आलं तेवढं पुसा.

भाग हीटसिंकला घट्ट चिकटला असेल तर हेअर ड्रायरने ५०-६० अंशांपर्यंत गरम करा आणि उपटण्याऐवजी पिळल्यासारखा फिरवा. एएमडीच्या पिनांच्या एएम४ प्रोसेसरला हे खास लागू: तिथे वरचा हीटसिंक फिरवा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून पिनांसकट वर येतो. गरम करूनही हलत नसेल आणि नखाने ओरखडाही उठत नसेल, तर ती पेस्ट नाही, इपॉक्सी आहे. तिथे आयपीएची अख्खी बाटली रिकामी करूनही उपयोग नाही.

घेताना ९९ टक्केच घ्या. ७० टक्क्यांच्या बाटलीत बाकीचं पाणी असतं, सॅनिटायझरमध्ये वर ग्लिसरीन. मोठा डबा स्वस्त पडतो, पण आयपीए हवेतली ओल ओढतं; पावसाळ्यात उघडं राहिलं की ९९ चं ९९ राहत नाही. छोट्या बाटलीत काढून वापरा, खिडकी उघडी ठेवा, आणि तापलेला सोल्डरिंग गन आधी बाजूला सारा. ठिणगी मिळाली तर वाफ पेट घ्यायला आपल्याकडचं साधं तापमानही पुरतं.