बिलावर ८ लाद्या, गाडीत २१० किलो बर्फ

मासे पाठवणाऱ्याने बर्फ लाद्या मोजून घेतला की फसायची निम्मी तयारी झालीच. मे महिन्यात हर्णैहून पुण्याला गेलेल्या एका गाडीचा हा हिशोब. माल ४०० किलो बांगडा, थर्माकोलची खोकी, रात्रभराचा प्रवास, बोली किलोभर माशाला किलोभर बर्फाची. बिलावर ‘५० किलोच्या ८ लाद्या’. सकाळी झाकणं काढली तर वर पांढराशुभ्र चुरा, आणि मधल्या थरातल्या बांगड्याच्या पोटात थर्मामीटर खुपसला तर ११ अंश.

पहिली चोरी साच्यातच झाली होती. लादी बाहेरून आत गोठत जाते. गाभा सगळ्यात शेवटी. एक जूनला मासेमारी बंद व्हायच्या आधी बर्फाला मागणी फार, त्यामुळे लाद्या वेळेआधी उपसतात, मधलं पाणी ओतून देतात आणि पोकळ लादी पूर्ण भावाने खपवतात. त्याच कारखान्यातल्या लादीला दुसऱ्या दिवशी टेप लावला: ९५ × ३० × १५ सेंटिमीटर. गुणाकार करून हजाराने भागायचं आणि ०.९२ ने (लिटरभर बर्फाचं वजन) गुणायचं, की वजन किलोत येतं. इथे आलं ३९. (साचा खाली निमुळता असतो, म्हणून माप मध्यावर घ्यावं.) गाभ्यातल्या खड्ड्याचे आणखी ४ किलो गेले. राहिले ३५. आठ लाद्यांचे २८०.

दुसरी चोरी ओल्या चुऱ्याची. लाद्या दुपारीच फोडून टबात ठेवलेल्या, माशांचा लिलाव संध्याकाळी. तोवर चुरा पाण्यात भिजतो. वजनाला पाणी आणि बर्फ सारखेच, पण गारवा देतो तो वितळणारा बर्फ. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो, शून्य अंशाचं पाणी त्यातलं काहीच करत नाही. तसाच १० किलो चुरा भोकाच्या क्रेटमध्ये पाच मिनिटं निथळत ठेवला तर अडीच किलो पाणी खाली आलं. म्हणजे २८० मधला खरा बर्फ २१० किलो.

आता गरज बघा. २८ अंशांचा ४०० किलो बांगडा शून्याला आणायचा तर (किलोभर मासा एक अंशाने उतरवायला ०.८ किलोकॅलरी धरून) ४०० × ०.८ × २८, म्हणजे ८,९६० किलोकॅलरी, म्हणजे ११२ किलो बर्फ फक्त मासा थंड करण्यातच संपतो. खोक्याच्या भिंतीतून आणि फटींतून शिरणाऱ्या उष्णतेसाठी २८८ किलो उरायला हवे होते, उरले ९८. ‘एवढा कशाला, निम्मा पुरतो’ असं गाडीवाला म्हणतो तेव्हा तो हिवाळ्याचा आणि नव्या खोक्यांचा हिशोब सांगत असतो. झाकण तुटलेल्या खोक्यात मे महिन्याच्या रात्री निम्मा पुरत नाही.

त्यात भरणीही वाईट. तळाला पाच सेंटिमीटर बर्फ, त्यावर माशांचा एकच थर, पुन्हा बर्फ, असं करत शेवटी वर पाच सेंटिमीटर, ही खरी पद्धत. इथे तीन-तीन थर बांगडा एकावर एक आणि बर्फ फक्त वर. थर दुप्पट जाड झाला की मधला मासा थंड व्हायला जवळपास चौपट वेळ लागतो. तळाची भोकंही बुजलेली, म्हणून खालचा माल रक्ताच्या पाण्यात पोहत होता.

मग वर पांढराशुभ्र चुरा आला कुठून? रात्रभर प्रवास केलेल्या बर्फाचे कोपरे गोल होतात, खडे एकमेकांना चिकटतात, मधे कल्ल्यांचा लालसर रंग उतरतो. इथला चुरा मोकळा, टोकदार, कोरडा होता. बाजारात शिरण्याआधी वाटेत मारलेला. म्हणून माल उतरवून घेणाऱ्याने वरचा बर्फ बाजूला सारून मधल्या थरातले दोन-तीन मासे काढावेत आणि थर्मामीटर गुदद्वारातून आत घालावा. ४ अंशांच्या वर असेल तर वाहतूकदार उभा असतानाच आकडा चलनावर लिहावा. नंतर कोणी ऐकत नाही.

बांगडा, कुपा, तारली यांच्यात हे जास्त महागात पडतं. मासा गरम राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं. दिसायला, वासाला मासा बरा असू शकतो. पुन्हा बर्फ घातला तरी झालेलं हिस्टामाइन जात नाही, शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. असा माल स्वस्तात काढायचा नसतो, टाकायचा असतो.

बिलात लाद्यांचा आकडा असल्याने कारखान्याशी भांडायला काही उरलं नाही; आठ म्हटल्या, आठच दिल्या. चलनावर ‘निथळलेला चुरा, ४०० किलो’ असं लिहून घ्या आणि लाद्या फोडायचं काम लिलावानंतर, डोळ्यांसमोर करा. शंभर किलोचा टांगता काटा सोबत ठेवा. पहिली लादी काट्याला लावली की पुढच्या सात बहुतेक वेळा आतल्या बाजूच्या, नीट गोठलेल्या साच्यांतून निघतात.