गॅरेट एस २५० मेटल डिटेक्टर : तीन पावसाळे वापरल्यावर

वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं मी मोटार वाइंडिंगचं काम केलं. बेअरिंग वाजतंय की फेज उडालाय, हे मोटारीपाशी उभं राहून नुसत्या आवाजावरून सांगायचो. निवृत्त झालो आणि कानांना काही कामच उरलं नाही. तीन वर्षांपूर्वी पुतण्या अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने वापरलेला गॅरेट एस २५० माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "काका, हे कानाचं काम आहे, तुम्हालाच जमेल." तेव्हापासून कोपरीतल्या आमच्या सोसायटीची बाग, मुरबाडचं शेत आणि उरणची वाळू, सगळीकडे हे मशीन माझ्याबरोबर फिरलंय. ठाण्यात हा छंद असलेलं मला कोणी भेटलं नाही. म्हणून कोणी घ्यायच्या विचारात असेल तर त्याच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

गॅरेट ही टेक्सासमधल्या गार्लंडची कंपनी, चार्ल्स गॅरेट यांनी १९६४ साली सुरू केलेली. एस २५० हे त्यांचं शिकाऊ माणसासाठीचं मशीन. वजन साधारण सव्वा किलो, चार पेन्सिल सेल, खाली साडेसहा बाय नऊ इंचांची लंबगोल कॉइल. कॉइल पाण्यात बुडली तरी चालते, वरचा डबा मात्र पावसात नेऊ नये. मी रिमझिम असली तरी डब्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतो.

कॉइलच्या आत काय चाललंय हे कळलं की मशीन निम्मं आलंच म्हणून समजा. आत दोन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. एकीतून करंट सोडलेला असतो, तो सेकंदाला ६,५०० वेळा दिशा बदलून येतो-जातो. आपल्या घरातल्या विजेचं हेच चक्र ५० वेळा होतं. त्याने जमिनीत जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यात धातू सापडला की धातूमध्ये एडी करंट फिरायला लागतो. वाइंडिंगवाल्याला हा करंट नकोसा. मोटारीचा कोअर सलग लोखंडाचा न करता पातळ स्टँपिंगची, म्हणजे पत्र्याच्या कापांची, चळत रचतात, ती त्याला अडवायलाच. इथे मात्र तोच करंट हवा असतो. त्याचं उमटलेलं क्षेत्र दुसरी वाइंडिंग पकडते. ते मूळ लाटेच्या किती मागे पडलं, यावरून लोखंड की अॅल्युमिनियम की चांदी याचा अंदाज मशीन बांधतं. पडद्यावर बारा खण आहेत, लोखंड डावीकडे, चांदी उजवीकडे. आवाज तीन : लोखंडाला खालचा, मधल्या धातूंना मधला, आणि चांदी-तांब्याला देवळातल्या छोट्या घंटेसारखा.

पण पडद्यावर छापलेल्या खुणा अमेरिकन नाण्यांच्या आहेत. पाच सेंट, दहा सेंट, पंचवीस सेंट. ते वाचून आपल्या मातीत शोधायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळाल. मी काय केलं, सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत चार फुटांचा मातीचा पट्टा आहे, सेक्रेटरींना विचारून तिथे आपल्या वस्तू पुरल्या. एक रुपया, दोन रुपये, पाचचं जुनं जाड नाणं, पाचचं पिवळं, चांदीचं जोडवं, पितळी स्क्रू, बाइंडिंग वायरचा तुकडा, खिळा. प्रत्येकाशेजारी आइसक्रीमची काडी खोचली, काडीवर नाव आणि खोली. महिनाभर रोज सकाळी अर्धा तास त्यावरून कॉइल फिरवली आणि वहीत लिहीत गेलो.

पहिला धक्का एक रुपयाने दिला. १९९२ नंतरचा आपला रुपया स्टेनलेस स्टीलचा, आणि तोही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचा. मशीनला तो धड लोखंड वाटत नाही, धड नाणंही वाटत नाही. एका बाजूने कॉइल नेली की खालचा आवाज, परत येताना खूण उडी मारून पार उजवीकडे. २०११ नंतरच्या एक आणि दोन रुपयांचीही तीच गत. पाचचं जुनं नाणं तांबं-निकेलचं, ते अमेरिकन पाच सेंटच्या जवळ स्वच्छ वाजतं, कारण मिश्रधातू जवळपास तोच. जोडवं घंटा वाजवतं. मशीनवरच्या 'कॉइन्स' मोडमध्ये लोखंड आणि हलक्या धातूंचे खण बंद असतात. म्हणजे अमेरिकेत जो मोड सर्वात सोयीचा, तो आपल्याकडे रुपयाही टाळतो आणि सोन्याची बारीक वस्तूही टाळतो. मी पहिल्या आठवड्यातच तो सोडला. सगळेच धातू वाजवणाऱ्या ऑल मेटल मोडवर ठेवायचं आणि निवड कानाने करायची. फारच कचरा असेल तर कस्टम मोडमध्ये फक्त डावीकडचे एक-दोन खण बंद करायचे. मशीन बंद केलं तरी ते लक्षात राहतं.

याची किंमत मला गणेश चतुर्थीच्या दिवशी कळली. तळमजल्यावरच्या आजी पहाटे बागेत दूर्वा खुडायला बसल्या होत्या. पाऊस पडून गेलेला, बोटं ओली, वयोमानाने बारीक झालेली. जुड्या बांधून घरात गेल्या आणि बघतात तर बोटातलं सोन्याचं वेढं नाही. आजोबांनी लग्नात घातलेलं. सून, नातवंडं, वॉचमन, सगळ्यांनी तासभर गवत चाळलं आणि चिखल आणखी तुडवला गेला. मग कोणीतरी मला हाक मारली.

मी आधी सगळ्यांना लॉनबाहेर काढलं. मोबाईल घरी ठेवला, चप्पल काढली, हातातलं घड्याळ काढलं. सुतळी घेतली, खुंट्या ठोकल्या आणि दीड-दीड फुटाचे पट्टे पाडले. हे पट्टे फार महत्त्वाचे. कॉइलखालचं क्षेत्र वर रुंद आणि खाली निमुळतं असतं, आरीवर उभ्या भोवऱ्यासारखं. पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला नाही तर मधल्या जागा कोऱ्या राहतात, आणि माणूस शपथेवर सांगतो की इथे शोधून झालंय. कॉइल जमिनीपासून बोटभर वर, समांतर. फेऱ्याच्या टोकाला हात वर उचलला जातो, तो उचलायचा नाही. वेग झाडू मारताना असतो त्याच्या निम्मा.

पहिल्या दोन पट्ट्यांत चॉकलेटचे चंदेरी कागद, गुटख्याच्या पुड्या आणि औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचे तुकडे असे एकोणीस सिग्नल निघाले. प्रत्येक मधल्या आवाजाचा, प्रत्येक मी उकरला. सोन्याची लहान अंगठी आणि अॅल्युमिनियमचा कागद हे मशीनला शेजारी-शेजारी वाटतात, त्यांत फरक सांगणारा खण नाही. कचरा म्हणून सोडला तर सोनं सोडलं. तिसऱ्या पट्ट्यात, तगरीच्या आळ्याजवळ, एक बारीक पण गोल आवाज आला. उजवीकडून डावीकडे गेलो तरी तोच, काटकोनात वळून कॉइल फिरवली तरी तोच. कागदाचा आवाज कडेला फाटतो, हा फाटला नाही. पिनपॉइंटचं बटण दाबून धरलं, कॉइल आधी उभी आणि मग आडवी सरकवून आवाज कुठे सर्वात जोरात येतो ती फुली डोळ्याने धरली, आणि जुन्या चमच्याच्या दांड्याने गवत बाजूला केलं. कोणाच्या तरी टाचेने वेढं इंचभर आत दाबलं गेलं होतं. चिखलात पिवळी कड दिसली.

आजींनी ते पदराला पुसलं, कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "बाळा, आधी हात धू, पूजेला बस." त्या वर्षी त्यांच्याकडच्या आरतीचं ताट माझ्या हातात होतं. त्यानंतर आजूबाजूच्या सोसायट्यांमधून आणि नवरात्रात गरबा संपल्यावर मैदानातून अशी सात बोलावणी आली. चार वेळा वस्तू मिळाली. पैसे मी घेत नाही.

आता छोट्या गोष्टी, पण ज्यांच्यामुळे मशीन वाईट ठरवलं जातं. कॉइलची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळा. पहिल्या महिन्यात माझी वायर ढिली होती, कॉइल हलली की ती हलायची आणि खोटे आवाज यायचे. मी मशीनवर संशय घेत बसलो होतो. डोक्यावरून हाय टेन्शन लाइन जात असेल तर सेन्सिटिव्हिटी (मशीन किती मंद सिग्नल पकडेल ते) दोन घर खाली आणा, नाहीतर मशीन बडबडत राहतं. नेरूळमध्ये मेव्हणीच्या इमारतीमागे मला हेच करावं लागलं. खोली थोडी जाते, पण उरलेला आवाज खरा असतो. सगळं वर करून ठेवलं की जास्त मिळतं हा समज काढून टाका. सेल चार्जिंगचे वापरले तरी उत्तम चालतात. हेडफोन हवाच. रस्त्याच्या गोंगाटात खोलवरचा मंद सिग्नल स्पीकरवर ऐकूच येत नाही. भोक पाव इंची आहे, मोबाईलचा इअरफोन बसत नाही, मी लॅमिंग्टन रोडवरून जोडपिन आणली.

उरणला मी पीरवाडीच्या किनाऱ्यावर जातो. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे ठाण्याहून नेरूळ आणि तिथून उरण, मशीन सुटं करून बॅडमिंटनच्या पिशवीत. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू असेल तर एस २५० मजेत चालतो. ओल्या वाळूत पाऊल टाकलं की खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर (सेकंदाला तेच ६,५०० वेळा) चालणाऱ्या मशीनला सगळीच जमीन धातू वाटायला लागते. समुद्रावरच जास्त जायचं असेल तर अनेक फ्रिक्वेन्सींवर एकत्र चालणारं मशीन घ्या, ते महाग असतं. ठाण्याच्या मातीचाही स्वभाव आहे. आपला दगड काळा बसाल्ट, त्यात चुंबकीय खनिज, आणि या मॉडेलमध्ये ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजाकडे दुर्लक्ष करायची सेटिंग, हाताने बदलता येत नाही. माझ्या पट्ट्यात पाचचं नाणं सहा इंचांपर्यंत खात्रीने मिळतं, त्याखाली नशीब. त्याहून मोठी गडबड भरावाची. नव्या इमारतींच्या आवारात बाइंडिंग वायरचे इतके तुकडे असतात की तिथे शिकू नका, मन विटेल.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. घोडबंदरचा किल्ला, बेलापूरचा किल्ला, वसईचा किल्ला, जुनी देवळं, यांच्या आसपास हे मशीन पिशवीतूनही काढू नका. येऊरच्या जंगलातही नाही. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणंसुद्धा पुरावस्तू ठरतं. कायद्याचं सोडा, एखादं जुनं भांडं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं, यात त्याचा इतिहास असतो. आपण उकरलं की तो गेला. मी फक्त मालकाच्या परवानगीने, खाजगी जागेत जातो. गवताची चकती कापून, वस्तू काढून, माती परत दाबून बसवतो, आणि निघालेला कचरा घरी आणतो. माझ्याकडे गोड्या तेलाचा एक पूर्ण डबा भरलाय.

सर्वात सुखाचा दिवस मुरबाडचा. मेव्हण्याचं भातशेत आहे. कापणी झाल्यावर आणि वाल पेरायच्या आत आठ-दहा दिवस शेत मोकळं असतं, माती ओलसर, खणायला लोण्यासारखी. वैशाखात हीच ढेकळं पहारीलाही दाद देत नाहीत. धसकटांमधून कॉइल सरळ फिरत नाही म्हणून मी सरींच्या दिशेने चालत होतो. सकाळभर लोखंड. विळ्याचं टोक, बैलाच्या खुराची पत्री, तिचे खिळे. बांधाजवळ एकदम घंटेचा आवाज आला, दोन्हीकडून स्वच्छ. पाच इंचांवर हिरवट गोळा लागला. चोळल्यावर पितळी घुंगरू निघालं, आत गोटी अडकलेली.

घरी नेलं. सासूबाईंनी ते तळहातावर ठेवून डोळ्यांजवळ नेलं, नखाने चिरेतली माती काढली, दोनदा हलवलं. तिसऱ्यांदा गोटी सुटली आणि ते वाजलं. "सोन्याचं आहे हे," त्या म्हणाल्या. मला क्षणभर कळलं नाही. सोन्या हा त्यांच्या उजवीकडे जुंपायचा बैल. पोळ्याला घातलेली माळ त्याने बांधाला घासून तोडली होती, बाकीची घुंगरं त्याच संध्याकाळी वेचली होती, एक कमी भरलं होतं.

आता या मशीनचं मोल मला विचाराल तर, नवीन घ्यायचं असल्यास याच्या पुढची मॉडेलं आली आहेत, त्यांतल्या काहींत खणाबरोबर आकडाही दिसतो. पण वापरलेला एस २५० चांगल्या स्थितीत, मूळ कॉइलसकट मिळत असेल तर बिनधास्त घ्या. घेताना खिशात एक स्टीलचा रुपया, एक पाचचं नाणं आणि चांदीचं जोडवं न्या, लाकडी टेबलावर ठेवून तिन्ही आवाज ऐका, आणि वायर हाताने हलवून बघा.

घुंगरू मुरबाडलाच आहे, गोठ्याच्या दाराला. आता तिथे ट्रॅक्टर उभा असतो.