गावाचा इतिहास शोधताना आधी काय उघडावं : गॅझेटिअर, शिलालेख की नकाशा?

आपल्या गावाला हे नाव कसं पडलं, माळावरच्या वीरगळाबद्दल कुणी काही लिहून ठेवलंय का, असे प्रश्न घेऊन कोल्हापूर जिल्ह्यातली बरीच मंडळी मोबाईलवर शोधायला बसतात आणि त्याच त्या आख्यायिका वाचून उठतात. चांगली साधनं आहेत आणि बहुतेक फुकट आहेत. प्रश्न कोणता, त्यावर साधन ठरतं.

गावाची पहिली ओळख करून घ्यायची असेल तर गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ. इंग्रजी अमदानीतला कोल्हापूरचा खंड १८८६ चा; इंटरनेट आर्काइव्हवर अख्खा वाचता येतो. त्यात महत्त्वाच्या गावांची वेगळी वर्णनं आहेत: देऊळ, किल्ला, बाजार, जत्रा. राज्याच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभागाने १९६० ची आवृत्तीही ऑनलाइन ठेवली आहे, ती वाचायला सोपी. दोन्हींतलं एकच घ्यायचं तर मी जुना खंड घेईन, कारण एकोणिसाव्या शतकातलं गाव त्यात समोर उभं राहतं. मात्र पुरातत्त्वासाठी तो अपुरा आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीचं पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेलं उत्खनन १९४५-४६ मधलं, ते त्यात कुठून येणार?

उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ हा वार्षिक अहवाल पाहावा. पण तो १९५३-५४ पासून सुरू होतो, म्हणजे ब्रह्मपुरी त्याच्याही आधीची. तिच्यासाठी डेक्कन कॉलेजने १९५२ मध्ये छापलेला अहवालच गाठावा लागतो. आणखी एक लक्षात ठेवा: १९६० पूर्वीच्या अंकांत आपला जिल्हा मुंबई राज्यात शोधायचा. नोंदी त्रोटक असतात, कधी दोनच ओळी. तरी कुठल्या नदीकाठी काय सापडलं याचा धागा मिळतो.

गावाच्या नावाचा प्रश्न असेल, तर माझं मत ठाम आहे: शिलालेखांकडेच जा. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेला, इथे राज्य करणाऱ्या शिलाहार राजघराण्याच्या लेखांचा खंड (१९७७) हे यासाठी सगळ्यांत भरवशाचं साधन. मूळ पाठ, इंग्रजी भाषांतर आणि लेखातली गावं आज कुठली यावर चर्चा, सगळं एकाच ठिकाणी. कोल्हापुरातला शिलाहार राजा विजयादित्याचा शके १०६५ चा, म्हणजे इ. स. ११४३ चा लेख पाहा. त्यात ‘आजिरगेखोल्ल’ हा प्रदेश येतो. तो आजचा आजरा. जवळपास नऊशे वर्षांपूर्वी नाव कसं लिहिलं जाई, ते दगडावरच दिसतं. त्याच्यापुढे ‘अमक्या राक्षसावरून गावाला नाव पडलं’ ही कथा लोकश्रद्धा म्हणून जपावी, पण पुरावा म्हणून देऊ नये. अडचण एवढीच, की या भागातले काही लेख कन्नडमध्ये आहेत. नावाच्या व्युत्पत्तीवर लिहायचं असेल तर कन्नड जाणणाऱ्या माणसाला सोबत घ्याच.

शोधताना ‘शिलाहार’, ‘सिलाहार’, ‘सिलार’ असे सगळे पर्याय इंग्रजी स्पेलिंगमध्ये टाकून पाहा. स्कॅन केलेल्या पुस्तकांत अक्षरांवरची चिन्हं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे शब्द असूनही शोधात येत नाही. अशा वेळी सरळ सूची उघडून पान गाठावं.

नकाशांत टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठेवलेले १९५० च्या दशकातले अडीच लाखी (१:२,५०,००० प्रमाणाचे) नकाशे मला आवडतात. काळम्मावाडीचं धरण होण्यापूर्वीचं दूधगंगेचं खोरं त्यांत दिसतं. मात्र शिवारातली नावं त्यांत नाहीत. देवळाचा माळ, पांढर, जुनं गावठाण ही नावं सातबाऱ्यावरही क्वचितच भेटतात, आणि जुनी वस्ती कुठे होती हे बहुधा त्यांच्यातूनच कळतं. त्यासाठी नकाशाची छापील प्रत घेऊन गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडे जावं आणि ते सांगतील ते नाव तिथल्या तिथे, त्यांच्या उच्चारात, लिहून घ्यावं.