शनिवारी मुक्काम की रविवारी परत? मलावीतल्या खेड्यांच्या मंडळ्यांकडे जाताना

सोमवार ते शुक्रवार मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेत, नाहीतर न्खोमात इस्पितळाचं किंवा शिकवण्याचं काम आणि शनिवार-रविवार खेड्यातल्या मंडळ्या, म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती उपासक-समुदाय, अशा बेतानं आपल्याकडून येणारं बहुतेक प्रत्येक कुटुंब पहिलं एकच विचारतं: गाडी घ्यावी का? माझ्या मते आधी दुसरं ठरवा. रविवारी पहाटे निघून अंधारापूर्वी घरी यायचं, की शनिवारीच जाऊन मुक्काम करायचा? गाडीचं उत्तर त्यातच निघतं.

मी दोन्ही केलंय. माझा कल मुक्कामाकडे आहे. पण मुक्काम सगळ्यांना आणि बारा महिने जमत नाही.

आधी मंडळीची घडी समजून घ्या. मध्य मलावीत प्रेस्बिटेरियन मंडळीचा न्खोमा सिनड, म्हणजे विभागीय धर्मसभा, आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड मिशननं १८८९ साली म्वेराला सुरू केलेलं हे काम १९२६ मध्ये सीसीएपीत, म्हणजे 'चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियन'मध्ये, आलं. एका पाळकाकडे, म्हणजे 'अबुसां'कडे, एक मुख्य मंडळी आणि तिच्याखाली अनेक प्रार्थनाघरं असतात. ते दर रविवारी सगळीकडे पोचूच शकत नाहीत. म्हणून उपदेश, गाणी, आजाऱ्यांची विचारपूस सगळं गावचे वडील, म्हणजे मंडळीतले ज्येष्ठ, आणि 'चिग्विरिझानो' या महिला मंडळातल्या बायका सांभाळतात. तुम्ही गेला नाहीत तरी उपासना होणारच असते. आपल्याला तिथे नेमकं कशाला जायचंय, हे त्यामुळे स्वतःलाच विचारावं लागतं.

उपदेश करायला जात असाल तर रविवारची फेरी पुरते. सहाला निघालात तर एम-वन या मुख्य महामार्गाचा डांबरी रस्ता झपाझप संपतो, पुढे लाल मातीत वेग बैलगाडीचा. एकामागून एक गायकमंडळ्या उभ्या राहतात. दुभाष्यामुळे वीस मिनिटांच्या उपदेशाला चाळीस लागतात. मग दान, मग सूचना, मग वडिलांच्या घरी न्सिमाचं जेवण. तीन वाजले की तुमचं लक्ष घड्याळाकडे, कारण इथे वर्षभर सूर्य साडेपाच-साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि रात्रीचा एम-वन म्हणजे बिनदिव्याच्या सायकली, शेळ्या, बंद पडलेले ट्रक. रात्री गाडी चालवायची नाही, याला माझ्याकडे अपवाद नाही. फायदा इतकाच, पण मोठा: लेकरं स्वतःच्या अंथरुणात झोपतात आणि महिन्यात चार वेगवेगळी प्रार्थनाघरं होतात.

या फेरीला फोर-बाय-फोर गाडी लागतेच, स्वतःची नाहीतर भाड्याची. मलावीला समुद्र नाही. इंधन बैरा, नकाला नाहीतर दार-एस-सलामच्या बंदरांतून येतं, परकीय चलन आटलं की पंपांवर रांगा लागतात. २०२२ पासून हे अनेकदा झालंय. पण मला जास्त जड गेलं ते वेगळंच. गावात एकच गाडी उभी असेल तर ती रुग्णवाहिका होते. बाळंतीण, तापानं फणफणलेलं पोर, कधी प्रेतसुद्धा. नाही म्हणवत नाही आणि म्हणूही नये. फक्त गाडी घेताना तिच्या किमतीत हेही धरा.

मुक्कामाला जाताना मटोला पुरतो, म्हणजे भाडं घेऊन माणसं आणि पोती नेणारा पिकअप किंवा ट्रक. शनिवारी बाजारामुळे तो मिळतो, रविवारी दुपारी मिळेलच असं नाही. डांबरी सडकेपासून पुढे कबाझा, म्हणजे भाड्याची सायकल नाहीतर मोटारसायकल. मोटारसायकल पावसात नको आणि हेल्मेट स्वतःचं न्या. परतीला सोमवारची पहिली मिनीबस. तेवढी सोमवार सकाळची सवड कामावर आधीच मागून ठेवा, नाहीतर हा बेत दुसऱ्याच आठवड्यात मोडतो.

शनिवारच्या संध्याकाळी जे मिळतं ते रविवारी मिळत नाही. बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग, एखाद्या आजीच्या अंगणातली प्रार्थना, पुष्कळदा मयत. मयत असेल तर तुमचा ठरलेला कार्यक्रम रद्द, सगळं गाव तिकडे, तुम्हीही तिकडे. जेवताना आपल्या माणसांची सोय होते: हातावर पाणी घालतात, उजव्या हातानं खायचं, आणि न्सिमा म्हणजे मक्याची घट्ट उकडच. सोबत भोपळ्याचा पाला नाहीतर उसिपा, म्हणजे तळ्यातली सुकट.

आणखी एक गोष्ट आपल्यालाच भेटते. गोऱ्यांना 'अझुंगु' म्हणतात, आपल्याला 'अम्वेन्ये'. अम्वेन्ये म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागे बसणारा भारतीय, अशीच लोकांची ओळख. तो चर्चमध्ये बाकावर येऊन बसला की आधी कुजबुज होते. त्या कुजबुजीला उत्तर द्यायला शेकोटीजवळची संध्याकाळच लागते. मी तिथे चुमाची गोष्ट सांगतो. दक्षिण मलावीतल्या शिरेच्या डोंगराळ भागात गुलामीतून सुटलेल्या या मुलाला मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टननं १८६४ मध्ये मुंबईला मिशनरी जॉन विल्सनच्या शाळेत ठेवलं. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत चुमा होता, आणि नाशिकच्या शरणपुरात, सुटलेल्या आफ्रिकी गुलामांच्या मिशन-वस्तीत, शिकलेला जेकब वेनराइटही. त्यानंतर मी दुकानदार उरत नाही.

मुक्कामाची खरी अडचण महिन्यांची आहे. जानेवारी ते मार्च हा 'न्जाला'चा, उपासमारीचा काळ. जुना मका संपलेला, नवा एप्रिलशिवाय हाती येत नाही. तरी पाहुण्यासाठी कोंबडी कापली जातेच आणि त्या घरातली मुलं पुढचे दिवस कशावर काढतात हे तुम्हाला कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी मला हे कळलंच नव्हतं. शिवाय तेव्हा रस्ते चिखलात आणि मलेरिया जोरात, त्याचा डास रात्रीच चावतो. या तीन महिन्यांत मी जवळच्या मंडळीत रविवारीच जातो आणि मक्याचं पीठ, तेल, मीठ घेऊन जातो. मे ते ऑक्टोबर मात्र बिनघोर मुक्काम.

लहान लेकरं असतील तर पहिलं वर्ष रविवारचंच ठेवा. गाडी घेण्यापेक्षा चालकासकट भाड्यानं घ्या. दोघंच असाल, किंवा एकटे, तर गाडीचा विचार वर्षभर पुढे ढकला. चार प्रार्थनाघरांऐवजी एकच धरा आणि दर महिन्याला तिथेच जा. तिसऱ्या फेरीला दुभाष्या जेवणापुरता तरी सुट्टीवर जातो.

पिशवीत मलेरियाच्या गोळ्या, विजेरी, साबण, यजमानांसाठी साखर, आणि मच्छरदाणीबरोबर सुतळी व चार खिळे. खोलीत ती टांगायला बहुधा काहीच नसतं. अंगणाच्या कडेला थांबून 'ओडी!' अशी हाक द्यायची, आतून 'ओडिनी' आलं की मगच पाऊल टाकायचं.