मोर्सो १४१० : खारीच्या शेगडीबरोबर एक डॅनिश हिवाळा

ऑरहूसच्या बाहेर एका खेड्यात राहतो आम्ही. घरात उष्णता पंप, म्हणजे घर तापवणारं विजेवरचं यंत्र, आहे, तरी गेल्या सप्टेंबरात मोर्सो या डॅनिश कंपनीची १४१० ही छोटी बिडाची शेगडी बसवून घेतली. दोन्ही अंगांवर खारीचं उठावाचं चित्र आहे, म्हणून घरात तिचं नाव ‘खार’च पडलंय. इथे डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे वापरायला संध्याकाळ भरपूर मिळाली. मत आधीच सांगून टाकते: शेगडी छान आहे, पण तिच्यावर जेवढा खर्च कराल तेवढंच लक्ष लाकडाकडे द्या.

ही शेगडी चारपाच किलोवॅटची. कोरडं लाकूड असेल तर तासाला साधारण सव्वा-दीड किलो खाते. एक बैठकीची खोली तेवढ्यात मस्त तापते, अख्ख्या घराची अपेक्षा करू नये. बीड तापायला वेळ लावतं. पहिला अर्धा तास कुडकुडायला होतं, पण नंतर जाळ विझला तरी धग बराच वेळ राहते. ओंडके आखूड लागतात, वीत-सव्वा वीत लांबीचे. तेव्हा लाकूड मागवतानाच लांबी सांगून ठेवावी. वरच्या पाटावर किटली गरम राहते, वरण सावकाश शिजतं. भाकरीचा नाद मात्र सोडा.

पेटवायची पद्धत आपल्याकडच्या बंबाच्या अगदी उलटी. मोठे ओंडके खाली, मधली लाकडं त्यांच्यावर आणि ढलप्या-चिपाटं सगळ्यात वर. काडी वरून लावायची. खालचं लाकूड हळूहळू तापून त्यातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जातो आणि जळून जातो, म्हणून धूर कमी. लहानपणापासून हात खालून फुंकर घालायला शिकलेला, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला. पण बाहेर जाऊन धुराड्याकडे पाहिलं की फरक डोळ्यांनी दिसतो. सुरुवातीला हवा पूर्ण उघडी, जाळ धरला की हळूहळू कमी. हवा एकदम कोंडली तर काच तासाभरात काळी होते आणि धुराड्यात काजळी साचते. रात्रभर धुमसत ठेवायचा मोह तर अजिबात नको.

आता लाकूड. पहिली गाडी ‘वाळलेलं बीच’ (इथल्या एका झाडाचं लाकूड) म्हणून आली आणि ओलावामापक २८ टक्के दाखवू लागला. हवा तो २०च्या आत. विकणाऱ्याने खांदे उडवले. ते लाकूड सरळ छपराखाली रचून ठेवलं आणि हिवाळा दुसरीकडून घेतलेल्या बर्चच्या लाकडावर काढला. ओल्या लाकडाची काही धग स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते, मग शेगडीला नावं ठेवून काय उपयोग? कितीही महागाची का असेना, जमेल तेवढंच करणार ती. ओलावामापक स्वस्त असतो, घ्याच. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचायचा. बाहेरून सगळीच लाकडं कोरडी वाटतात.

खारीबद्दल थोडं, कारण मला घेताना तिनेच भुलवलं. डेन्मार्कात लोखंडाच्या म्हणण्यासारख्या खाणी नाहीत. १७३० पासून इथे लोखंडी माल पुरवण्याची मक्तेदारी नॉर्वेच्या भट्ट्यांकडे होती; दोन्ही देश एकाच राजाचे. तेव्हाची शेगडी म्हणजे राजाची मुद्रा नाहीतर बायबलमधले प्रसंग ओतलेल्या जाड पाट्यांची पेटी. जाळ भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून घालायचा आणि ऊब बैठकीत, म्हणजे बैठकीत ना धूर ना राख. १८१४ मध्ये नॉर्वे हातचा गेला आणि डॅनिश ओतशाळांना दिवस आले. मोर्सोही त्यातलीच: १८५३ मध्ये एन. ए. क्रिस्टेन्सन यांनी लिमफ्योर्डमधल्या मॉर्स बेटावर सुरू केली. १९१५ पासून राजदरबाराची पुरवठादार. वाळूच्या साच्यात बीड ओतलं की बारीकसारीक रेषाही उमटते, म्हणून ती खार. पोलादी पत्र्याच्या शेगडीला हे जमत नाही, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर इथे ज्या गुळगुळीत, उंच, मोठ्या काचेच्या शेगड्या निघाल्या त्यांना ते नकोही होतं. रविवारी गाड्या बंद ठेवायची वेळ आलेल्या देशात लाकूड पुन्हा आलं ते नव्या घाटात. मला मात्र जुनाच घाट आवडतो. उघड्या ज्वाळेपेक्षा तापलेलं बीड पाहत बसायला मला बरं वाटतं, हे माझं वेड.

बसवण्याचा खर्च, म्हणजे धुराडं, खालची पाटी, मजुरी, शेगडीच्या जवळपास गेला. पेटवण्याआधी धुराडं साफ करणाऱ्या अधिकृत माणसाने तपासून सही केली. लाकडी भिंतीपासूनचं अंतर त्याने टेपने मोजलं. वर्षातून एकदा तो येतोच. जुनी शेगडी असलेलं घर घेणाऱ्यांनी कायदा पाहावा. १ ऑगस्ट २०२१ पासून घर ताब्यात आलं की २००३ पूर्वीची शेगडी वर्षाच्या आत बदलावी किंवा मोडीत काढावी लागते. कारण उघड आहे: सूक्ष्म कणांच्या प्रदूषणात लाकडाच्या शेगड्यांचा वाटा इथे फार मोठा आहे. शहरात नळाने येणाऱ्या गरम पाण्यावर तापणाऱ्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, घेऊ नका. शेजाऱ्यांची खिडकी तुमच्या धुराड्यापासून फार लांब नसते.

देखभाल थोडीच. लाकडासाठी राखेचा बोटभर थर तळाशी राहू द्यायचा, बाकीची झाकणाच्या लोखंडी डब्यात, कारण दुसऱ्या दिवशीही तिच्यात निखारा असतो. दाराच्या कडेला हवा रोखायला दोरी असते; तिच्यात कागद धरून दार लावा, कागद सहज निघाला तर दोरी बदला. तापलेल्या बिडावर गार पाणी पडू देऊ नका, तडा जातो. पहिले काही जाळ लहान ठेवा, रंग भाजताना वास येतो, खिडक्या उघड्या हव्यात. उन्हाळ्यापुरती राख पूर्ण काढा, ओलाव्याने गंज धरतो. आणि पुढच्या वर्षाचं लाकूड मार्चमध्येच घेऊन रचा. सप्टेंबरात फोन केलात तर दर वाढलेला असतो आणि मिळतं ते ओलंच.