गाडी सबस्क्रिप्शनवर घ्यायची असेल, तर आधी रिसेल विचारा

भोसरीत माझं प्रेस-पार्ट्सचं छोटं वर्कशॉप आहे, कॉस्टिंग हे रोजचंच काम. त्यामुळे एका लीजिंग कंपनीकडून मोठी एसयूव्ही दोन वर्षांच्या सबस्क्रिप्शनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी महिन्याच्या भाड्याने, घेताना ‘महिन्याला किती’ हे मी शेवटी विचारलं. आधी विचारलं, मुदत संपल्यावर ही गाडी तुम्ही केवढ्याला विकणार, म्हणजे तिचा रिसेल किती? समोरच्या मुलाने सरळ मॅनेजरला बोलावलं. आजची किंमत वजा तेव्हाची किंमत, त्यावर व्याज, विमा, सर्व्हिसिंग आणि नफा: हप्ता असाच बनतो.

दोन पर्याय होते. एक इथेच जोडणी झालेली, दुसरी परदेशातून तयार आलेली. तयार गाडी 40 हजार डॉलरच्या वरची असली, की 2025च्या अर्थसंकल्पापासून 70 टक्के मूळ आयात शुल्क आणि आयातीवरच लागणारा 40 टक्के कृषी उपकर, मिळून 110. म्हणजे 40 लाखांची गाडी जीएसटीआधीच 84 लाखांवर जाते. इंजिन-गिअरबॉक्स न जोडता सुट्या भागांत आणली, तर मूळ शुल्क 15 टक्के.

पण तयार गाडीचा हप्ता किमतीच्या मानानेही जास्तच होता. त्याचं कारण मॅनेजरांनी मोकळेपणाने सांगितलं: रिसेल त्यांनी मुद्दाम कमी धरला होता. 24 जुलै 2025 रोजी भारताचा ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात तिथून येणाऱ्या गाड्यांवरचं ठरावीक कोट्यापुरतं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. नवीच गाडी स्वस्त झाली, तर 84 लाखांच्या जुन्या गाडीला कोण विचारणार? ही जोखीम कंपनी घेते आणि तिचे पैसे आपल्याकडून आधीच वसूल करते. मला ते रास्त वाटलं, पण तेवढे पैसे मोजायची माझी तयारी नव्हती. इथे जोडलेली घेतली.

सबस्क्रिप्शनचा खरा फायदा मला कळला तो 22 सप्टेंबर 2025 नंतर. मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्के होते, ते 40 झाले. भाड्यालाही गाडीचाच दर लागतो. मूळ भाडं 80 हजार, त्यामुळे 1 लाख 20 हजारांचं बिल 1 लाख 12 हजारांवर आलं. शेजारच्या गाळ्यातल्या मित्राने ऑगस्टमध्ये तशीच गाडी रोखीने घेतली होती. त्याने जुन्या दराने पूर्ण कर भरला, शिवाय त्याच्या गाडीचा रिसेलही लगेच पडला.

विमा आणि सर्व्हिसिंगची कटकट नाही. सर्व्हिसिंगला गाडी न्यायला माणूस सांगितलेल्या वेळी येतो, हे मनापासून आवडलं. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असल्याने सोसायटीत ‘भाड्याची का?’ असं विचारतात, त्याचं मला काही नाही. खटकतं ते दुसरंच. मुदतीआधी गाडी परत केली तर तीन महिन्यांचं भाडं कापतात आणि ही अट करारात पार शेवटच्या पानावर आहे. जादा किलोमीटरचा दरही तोंडी एक सांगितला, कागदावर दुसराच निघाला. तो मी सहीआधी दुरुस्त करून घेतला.

दोन-तीन वर्षांत गाडी बदलायचीच असेल तर जरूर घ्या. आठ वर्षं वापरायची असेल तर विकतच घ्या, तिथे हा हिशेब बसत नाही.